मागच्या दाराची चावी कोणाकडे असते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात मुलीला टॉप घ्यायला मॉलमध्ये गेलो होतो, सेलमध्ये ३९९ ला होता. सवयीने मी आधी शिलाई उलटी करून बघितली आणि मग लेबल. मेड इन बांगलादेश. एक धागा लोंबत नव्हता. मी १४ वर्षं अंधेरीला एका एक्सपोर्टच्या गाळ्यात चेकर, म्हणजे शिवलेला माल तपासणारी, होते, त्यामुळे इतकी स्वच्छ शिलाई निघायला किती वेळा बंडल परत येतं आणि लाइनवरच्या बायकांच्या मानेचं काय होतं ते मला माहितीय. मुलगी म्हणाली आई घे ना, बघत काय बसलीस. घेतला. पण डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

राणा प्लाझा आता किती जणांना आठवत असेल माहीत नाही. बांगलादेशात ढाक्याजवळ सावार म्हणून गाव आहे, तिथली ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत २४ एप्रिल २०१३ ला सकाळी नऊच्या सुमाराला खाली आली आणि ११३४ माणसं गेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली, त्यात जास्त करून शिलाई करणाऱ्या बायका आणि पोरी. वरचे मजले परवानगी नसताना चढवलेले, आणि त्यावर मोठे जनरेटर. पण मला सगळ्यात जास्त लागतं ते आदल्या दिवसाचं. २३ तारखेला भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी बघितले होते, इंजिनिअरने इमारत धोक्याची आहे असं सांगितलं होतं. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, दुकानं बंद राहिली. आणि वरच्या पाच कारखान्यांतल्या बायकांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, नाही आलात तर पगार कापू म्हणून. महिनाअखेर होती. त्या वेळी तिथला किमान पगार महिन्याला ३००० टाका (टाका म्हणजे तिथलं चलन) होता, त्यातनं काही कापलं तर घरभाडं जात नाही. त्या बाहेर उभ्या राहिल्या, कुरकुर केली आणि आत गेल्या. पाचपैकी एकाही कारखान्यात युनियन नव्हती, मग त्यांच्या बाजूने नाही म्हणायला होतं कोण?

लोक म्हणतात कशाला गेल्या आत. मी सांगते कशाला.

आमच्या गाळ्यात मागचा जिना होता. त्याला कोलॅप्सिबल गेट आणि गेटला कुलूप, कारण काय तर पीस चोरीला जातात, आणि शिपमेंटच्या रात्री बायका ओव्हरटाइम टाकून लवकर सटकतात. चावी सुपरवायझरच्या पँटला, कापडाच्या किनारीची पट्टी बांधलेली. एका रात्री फिनिशिंगला इस्त्रीच्या टेबलाची वायर जळाली, धूर झाला, लाइट गेले. आम्ही ४० जणी त्या गेटवर. पुढच्या जिन्याकडे जायला धुरातून जावं लागत होतं. चावीवाला खाली चहाला गेलेला. पाच सात मिनिटं असतील, पण माझ्या पुढे एक हेल्पर होती १८-१९ वर्षांची, ती गेटच्या पट्ट्यांमधून हात बाहेर काढून कुलूप नुसतं ओढत होती, तोंडाने काही बोलत नव्हती, नुसतं ओढत होती. आग वाढली नाही म्हणून आज हे लिहितेय. दुसऱ्या दिवशी टेबलाची वायर बदलली. कुलूप तिथेच. आणि आम्ही सगळ्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर, मीसुद्धा, कारण १० तारखेला पगार होता.

बायरची, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीची, माणसं ऑडिटला, म्हणजे तपासणीला, येणार असली की मात्र दोन दिवस आधी कुलूप निघायचं, जिन्यावरचे खोके टेम्पोत भरून कुठेतरी जायचे, आणि आम्हाला उत्तरं पाठ करायला लावायचे, ओव्हरटाइम किती तर दोन तास. पाहुणे गेले की संध्याकाळी खोके परत.

म्हणून मला ऑडिटच्या कागदाचं कौतुक वाटत नाही. पाकिस्तानात कराचीच्या बलदिया भागातल्या कपड्यांच्या कारखान्याला सप्टेंबर २०१२ मध्ये आग लागली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली, त्या कारखान्याला काही आठवडे आधीच कामाची जागा चांगली असल्याचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट मिळालेलं. ती आग लावलेली होती असं पुढे कोर्टात ठरलं, पण माणसं बाहेर पडू शकली नाहीत ती खिडक्यांच्या ग्रिलमुळे आणि बंद दारांमुळे. त्यानंतर दोनच महिन्यांनी ढाक्याजवळ आशुलियाला ताझरीन नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात आग, किमान ११२ जण गेले. अलार्म वाजला तेव्हा काही मजल्यांवर बायकांना सांगितलं की काही नाही, कामाला बसा. कापड आणि सूत तळमजल्यावर, आग तिथेच, आणि सगळे जिने उतरणार तिथेच.

पण राणा प्लाझानंतर बांगलादेशात एक गोष्ट खरंच झाली आणि ती आपल्याकडच्या पेपरात फार कमी आली. मे २०१३ मध्ये परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये अ‍ॅकॉर्ड नावाचा करार झाला. नुसतं आश्वासन नाही, कायद्याने बांधणारा करार, २०० वर ब्रँड त्यात आले. सोळाशेच्या आसपास कारखान्यांत स्वतंत्र इंजिनिअर गेले, आणि कुठल्या कारखान्यात काय बिघाड आहे ते नावासकट सगळ्यांना बघायला उघडं ठेवलं. दुरुस्ती करत नाही म्हटलं तर त्या कारखान्याचं काम एकाने नाही, सगळ्याच ब्रँडनी बंद करायचं. दुरुस्तीसाठी कारखाना बंद राहिला तर कामगाराचा पगार सहा महिन्यांपर्यंत चालू. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे धोका दिसला तर आत जायला नाही म्हणायचा हक्क आणि मालकाला न कळता तक्रार करायची सोय. कुलूपवाली गेटं काढून फायर डोअर बसवले. हे सगळं केलं म्हणून धंदा बुडेल अशी भीती घालणारे तेव्हाही होते, पण त्यानंतरच्या दहा वर्षांत त्यांची कपड्यांची निर्यात वाढलीच. २०२३ मध्ये पाकिस्तानातही असा करार सुरू झाला.

सगळं छान झालं असं मी म्हणत नाही. २०२३ च्या शेवटी बांगलादेशात किमान पगार १२५०० टाका केला, बायका मागत होत्या २३०००, आणि त्या आंदोलनात माणसं मेली. ब्रँड सुरक्षितता मागतात आणि त्याच हाताने दर पाडतात, हे आमच्याकडेही तसंच होतं.

तरी कोणी त्यांचे कपडे घेऊ नका म्हणालं तर मला पटत नाही. त्या पोरींचं कामच जाईल ना मग.

आता आपलं. १८ मे २०२५ ला सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात पहाटे आग लागली, ८ जण गेले, त्यात मालक आणि त्यांच्या घरचे, अगदी लहान बाळसुद्धा. मालक आणि कामगार दोघंही कारखान्यातच राहत होते. म्हणजे बाहेर पडायची नीट वाट मालकालाही लागतेच. आणि नवीन लेबर कोडमध्ये, म्हणजे केंद्राच्या नव्या कामगार कायद्यात, काय केलं तर विजेवर चालणाऱ्या गाळ्याला कारखाना धरायची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली. १५ कामगारांचा गाळा म्हणजे कारखानाच नाही. धारावी, भिवंडी, सोलापूर, कुठेही जा, शिलाईचं बरंचसं काम असल्या गाळ्यांतच चालतं. लहान गाळ्यात धूर कमी होतो का हो?

माझं मागणं एवढंच आहे की तपासणीचे रिपोर्ट गाळ्याच्या नावासकट लोकांना बघायला मिळावेत, आणि १० मशीनवाल्यालाही मागचं दार उघडं ठेवायची सक्ती असावी. तुमच्या वार्ताहरांना एक विनंती आहे, कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जा पण आधी फोन न करता आणि संध्याकाळी सातनंतर, ओव्हरटाइम चालू असताना. आत गेल्यावर मशीन वगैरे नंतर बघा, आधी सरळ मागच्या जिन्यावर जा आणि गेट हाताने ओढून बघा.

आपली,
एक जुनी चेकर, डोंबिवली