रविवारची बैठक : गरोदर सुना-लेकींना घेऊन या

मैत्रिणींनो,

येत्या रविवारी दुपारी ४ वाजता तालमीच्या हॉलमध्ये बचत गटाची बैठक आहे. हप्ता भरला की लगेच उठू नका. वॉर्डातल्या आशाताई हवेच्या प्रदूषणावर बोलणार आहेत. गरोदर असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड आणा.

विषय उगाच घेतलेला नाही. धुरातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुफ्फुसात खोल जातात, काही रक्तातही उतरतात. त्यानं बाळ कमी वजनाचं होण्याचा किंवा दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो. पोरं मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात, म्हणजे धूरही जास्त ओढतात. आणि हवा खराब म्हणून केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात घेतलेल्या शहरांत आपलं कोल्हापूरही आहे.

तोवर एवढं पाळा :

• गल्लीत कचरा पेटवायचा नाही, घंटागाडीतच टाकायचा. परवाच्या ढिगात पाल्याबरोबर दुधाच्या पिशव्या अन् एक चप्पलसुद्धा जळत होती!
• पाणी तापवायला बंब पेटवला तर गरोदर बाईला धुराजवळ बसवू नका.
• स्कार्फनं बारीक कण अडत नाहीत. गाडीवर एन-९५ मास्क लावा.
• दमेकरी पोरांचा पंप डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका, चहाचा अंदाज येईल.

– सचिव