घर मिळेपर्यंत भाडंही भरायचं आणि व्याजही?

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सोलापूरच्या पूर्व भागातल्या बिडी कामगार बायकांचे घरकर्जाचे प्रस्ताव तयार करणं, हे माझं काम. आधी मी बँकेच्या कर्ज विभागात होते. तिथून ज्या फायली न वाचताच परत जायच्या, त्याच मंजूर व्हाव्यात म्हणून आता एका सेवाभावी संस्थेचे हिशेब सांभाळते.

सोलापूरजवळच्या कुंभारीत काय घडलं ते आपण जाणता. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगारांना १० हजार घरं मिळाली. १९ जानेवारी २०२४ ला तिथल्याच रे नगर वसाहतीच्या ३० हजारांपैकी १५ हजार घरं कष्टकऱ्यांच्या हाती आली. संघटित झालेले कामगार काय करू शकतात, हे सोलापूरनं देशाला दाखवलं.

अशा घरासाठी केंद्र दीड लाख देतं, राज्य एक लाख. उरलेली रक्कम कर्जानं उभी करायची, आणि घोडं तिथंच अडतं. बाई बिडी कंपनीच्या ब्रँचमधून पान-तंबाखू आणते, रात्री उशिरापर्यंत बिड्या वळते, छाट, म्हणजे खराब म्हणून नाकारलेल्या बिड्या, वजा जाऊन मजुरी हातात पडते. मजुरीची नोंद असते, पीएफ कापला जातो. तरीही बँकेच्या काउंटरवर पगारपत्रक नाहीतर आयकर विवरण मागतात. एका विधवा बाईंचं पीएफचं पासबुक मी पुढं सरकवलं, तर साहेबांनी ते उघडलंसुद्धा नाही. "सरकारी नोकरीतला जामीन आणा," म्हणाले. त्या बाईंनी तो कुठून आणायचा?

जामीन आणि तारण नसलेल्या गरिबांच्या घरकर्जासाठीच केंद्राचा पतहमी निधी आहे, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी. प्रधानमंत्री आवास योजना २.० मध्ये तो १ हजार कोटींवरून ३ हजार कोटी केला. शाखेत मात्र त्याचं नावही निघत नाही. राज्यातल्या बँका आणि सरकार एकत्र बसतात त्या राज्यस्तरीय बँकर्स समितीत आपण हा विषय लावून धरा. पीएफचं पासबुक आणि मजुरीची नोंद हाच उत्पन्नाचा पुरावा, असं बँकांकडून लेखी घ्या.

आणखी एक, आणि मला हेच जास्त खुपतं. अनुदान टप्प्याटप्प्यानं येतं. एक टप्पा रखडला की बांधकाम थांबतं, पण उचललेल्या कर्जाचं व्याज चालूच राहतं. ताबा मिळत नाही तोवर जुन्या खोलीचं भाडंही सुटत नाही. आठवड्याच्या मजुरीतून दोन्ही कसं भागवायचं? विलंब सरकारचा असेल, तर तेवढ्या महिन्यांचं व्याज सरकारनंच भरावं. तसा शासन निर्णय काढा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक हिशेबनीस, सोलापूर