ब्रीदरमधून ऑइल आलं की थेट इंजिन खोलू नका

संपादक महोदय,

"ब्रीदरमधून ऑइल फेकतंय म्हणजे रिंगा गेल्या, हाफ इंजिन करावं लागेल." हे वाक्य सातारा शहरात आणि आसपासच्या गावांत इतक्या सहज बोललं जातं की त्यावर लिहिणं मला गरजेचं वाटलं. ब्रीदर म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी, रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, आणि हाफ इंजिन म्हणजे इंजिन खोलून बोअर (सिलिंडरची आतली भिंत), पिस्टन आणि रिंगांचं काम. एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झाल्यापासून मी करंज्यात घरापुढच्या शेडमध्ये दुचाकींची कामं करतो. त्यात जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेट जास्त असतात. दुसरीकडे इंजिनाचं काम सांगितलेल्या गाड्या माझ्याकडे येतात आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन खोलायची गरजच नसते.

कोरेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची स्प्लेंडर अशीच आली. ह्या गाडीचा ब्रीदर एअर फिल्टरच्या डब्यात जातो. तो फिल्टर ऑइलनं चिंब भिजला होता. त्याला बोअर-पिस्टनचा खर्च सांगून झाला होता. ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढून पाहिली तर ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर! जुनं ऑइल पुरतं निथळू न देता वरून नवी बाटली रिकामी केलेली. जादा ऑइल काढलं, फिल्टर बदलला, डब्याच्या तळाची नळी साफ केली आणि काम संपलं. त्या गाडीवर तो रोज डेअरीला दूध घालतो. इंजिनाला हात लावावा लागला नाही.

पट्टी बघण्याचीसुद्धा रीत आहे. स्प्लेंडर मेन स्टँडवर घ्यायची, तीन-चार मिनिटं चालवून बंद करायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून आटे न फिरवता नुसती टेकवायची. आटे आवळले तर पट्टी खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. पट्टीचा वासही घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळत असते. रात्रभर पेट्रोल इंजिनात उतरतं, ऑइल पातळ होतं आणि पातळी वाढते. अशा गाडीत नव्या रिंगा टाकून काय उपयोग?

पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची हवा कुठेतरी जायला हवी. 350 बुलेटचं इंजिन 346 सीसीचं. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला तेवढी हवा खाली दाबली जाते आणि पिस्टन वर गेला की पुन्हा ओढली जाते. मिनिटाला 3000 फेरे असतील तर हे सेकंदाला 50 वेळा होतं. म्हणून जुन्या बुलेटच्या ब्रीदरला एकाच बाजूला उघडणारा चपटा रबरी व्हॉल्व्ह असतो. हवा बाहेर सोडायची, आत घ्यायची नाही, हे त्याचं काम. आम्ही त्याला डकबिल म्हणतो. तो कडक झाला, चिरला किंवा उलटा बसवला की इंजिनात दाब साठतो आणि हवेबरोबर ऑइल बाहेर येतं. किरकोळ किमतीचा हा रबराचा तुकडा पाहण्याआधीच इंजिनाचं हेड (वरचा भाग) उतरवलेलं मी पाहिलंय, आणि त्याचा मला खरोखर त्रास होतो.

बुलेटचं आणखी एक आहे. तिच्यात ऑइलचा कप्पा वेगळा असतो. एक पंप तिथून ऑइल क्रँककडे (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याकडे) ढकलतो, दुसरा खाली साचलेलं परत कप्प्यात आणतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपून क्रँकखाली साचतं आणि सुरू केल्यावर ब्रीदरमधून भसाभसा येतं. पट्टीही खोटं सांगते, कारण कप्पा रिकामा दिसतो. मालक घाबरून वरून ऑइल ओततो आणि गाडी ते सगळं फेकून देते. आधी पाच-दहा मिनिटं चालवा, मगच पट्टी बघा. चालवूनही पातळी वर येत नसेल तर परतीचा पंप तपासा.

ह्यात सर्वांत वाईट प्रकार म्हणजे ब्रीदरच्या नळीत बोल्ट ठोकणं. ऑइल दिसायचं बंद होतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण आतला दाब मग ऑइल सील ढकलतो, गॅस्केट फोडतो. नुसती नळी लांब करून मागं सोडली तरी ऑइल मागच्या टायरवर उडतं. कासची फुलं बघायला पावसात यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या पोरांच्या टायरवर ऑइल असणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

रिंगा खरोखर जातात, हे मी नाकारत नाही. पण ते मोजून कळतं. इंजिन गरम असताना प्लग काढायचा, सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडून काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारायच्या. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा तेच करायचं. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. वाढला नाही तर दोष बहुधा हेडमधल्या व्हॉल्व्हचा, आणि व्हॉल्व्ह बसत नाही म्हणून ब्रीदरमधून ऑइल येत नसतं. अजून खात्री हवी असेल तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला धरून प्लगच्या भोकातून बेतानं हवा द्यावी. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर पुरतो, फक्त भोकात बसणारा जोड लागतो. ब्रीदरशी कान लावा. थोडी फुसफुस नव्या इंजिनातही असते, पण सरळ वारा येत असेल तर रिंगांवर बोट ठेवायला हरकत नाही. आणि नव्या रिंगा टाकल्या असतील तर त्या बसायला काही शे किलोमीटर लागतात. तोवर धीर धरावा.

गाडीमालकाला घरी करता येईल अशी एक गोष्ट सांगतो. ब्रीदरची नळी पारदर्शक बाटलीत सोडा, बाटली नीट बांधा, पण तोंड बंद करू नका. वाईपर्यंत जाऊन या. पट्टीवर ऑइल उतरलंय आणि बाटली कोरडी आहे, तर ऑइल ब्रीदरनं जातच नाही. ते जळतंय किंवा दुसरीकडून गळतंय. बाटलीत दुधासारखा फेस दिसला तर ते बहुतेक थंड हवेत जवळच्या फेऱ्या मारल्यानं साचलेलं पाणी असतं. इंजिन पुरतं तापेल असं चालवा.

माझी मागणी साधी आहे. बोअर-पिस्टनचं काम सांगणाऱ्या प्रत्येक गॅरेजनं कॉम्प्रेशनचे दोन्ही आकडे, कोरडा आणि ऑइल टाकून घेतलेला, बिलावर लिहून द्यावेत आणि गिऱ्हाइकानं ते मागावेत. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या हातात इंजिन खोलायचा पाना देण्याआधी हा गेज द्यावा. ज्या मिस्त्रींकडे गेज नाही त्यांनी माझा न्यावा, वापरून परत आणून द्यावा. त्याचे पैसे मी घेत नाही.

— एक निवृत्त मिस्त्री, करंजे, सातारा