आत घालायचं कळलं, बाहेर कसं काढायचं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नव्या टीव्हींवरचा लेख वाचला. पडद्यावरचा उजेड आणि रंग खुलवायच्या दोन पद्धती, एका बाजूला डॉल्बी व्हिजन, दुसऱ्या बाजूला एचडीआर टेन प्लस. सॅमसंग टेन प्लसला धरून बसलेली, बाकीच्या पुष्कळ कंपन्या डॉल्बीकडे झुकलेल्या, आणि या चढाओढीत गिऱ्हाइकाची चांदी, असा एकंदर सूर. चांदी कोणाची होते ते मी बडोद्यात बत्तीस वर्षं लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करून पाहिलेलं आहे, म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे. मधलं हवं ते कापा, शेवटची मागणी तेवढी ठेवा.

शूटिंग सोडून मला सहा वर्षं झाली. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माडीवर एक खोली आहे. तिथे तीन व्हीसीआर, दोन मिनीडीव्हीचे कॅमेरे, एक हाय-एटचा कॅमेरा आणि 2009 सालचा एक संगणक असा संसार मांडला आहे. लोक जुन्या कॅसेट घेऊन येतात, मी त्या पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. सकाळचा वेळ चांगला जातो. बायकोच्या मते संध्याकाळचाही जातो, आणि तो जायला नको.

येणारा माणूस बहुधा कापडी पिशवी घेऊन जिना चढतो. गुजराती असेल तर ‘काका, आमां शुं छे, जुओ ने’, मराठी असेल तर ‘आईच्या कपाटात सापडल्या हो’. वरच्या चिठ्ठीवरची शाई उडालेली असते. कॅसेट खराब झाली असेल, असं आधीच धरून चाललेले असतात. माझा अनुभव उलटा आहे. कॅसेट पुष्कळदा धडधाकट असते, यंत्रच उरलेलं नसतं.

अर्थात पावसाळा कॅसेटलाही सोडत नाही. काळ्या डबीच्या काचेतून बघितलं की गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरट धूळ बसल्यासारखी दिसते. ती धूळ नाही, बुरशी आहे. तशीच यंत्रात घातली तर बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर जाते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही लागते. मग मागचे पाच स्क्रू काढायचे, दोन्ही रिळं उचलायची, फीत मऊ कापडातून हळूहळू ओढून पुसायची आणि चांगल्या डबीत बसवायची. एका कॅसेटला अख्खी सकाळ लागते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरांत शिरलं, त्यानंतर चिखलाने भरलेल्या कॅसेट आल्या होत्या. लोकांनी त्या गच्चीवर पापडासारख्या उन्हात वाळवल्या होत्या. उन्हात फीत वाकडी होते. भिजली तर स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत, गार वाऱ्यावर वाळवावी, हे जाता जाता सांगून ठेवतो. पाऊस दरवर्षी आहेच.

यंत्रांचं काय सांगू! रबरी रोलर कडक होतो, पट्टा सैल पडतो, आणि मग ते फीत खातं. झाकण उघडून दुरुस्त करावं तर ट्यूबलाइटचा उजेडच आड येतो. व्हीएचएसच्या, म्हणजे नेहमीच्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटच्या डबीच्या मधोमध एक भोक असतं. त्यात यंत्राचा छोटा दिवा शिरतो आणि फितीच्या टोकाची पारदर्शक पट्टी आली की कॅसेट संपली हे यंत्राला कळतं. झाकण काढलं की खोलीतल्या उजेडाने ते फसतं आणि चालू कॅसेट मध्येच थांबवतं. म्हणून मी दुरुस्ती करतो तेव्हा वर पुठ्ठा धरतो. पुठ्ठा धरायला बायको, म्हणून संध्याकाळची तक्रार.

आता चढाओढीकडे येतो. 1985 साली मस्कतहून येणाऱ्या मामेभावाकडून मी बेटामॅक्स, म्हणजे व्हीएचएसशी चढाओढ करणाऱ्या पद्धतीचा व्हीसीआर मागवला होता. सोनीचं नाव, आणि चित्रही माझ्या डोळ्याला व्हीएचएसपेक्षा सरस. सोनीने बेटामॅक्स 1975 मध्ये आणला, जेव्हीसीने व्हीएचएस पुढच्याच वर्षी. पहिल्या बेटाच्या कॅसेटवर एक तास मावायचा, व्हीएचएसवर दोन. एका तासात आपला सिनेमा बसत नाही आणि मराठी लग्न तर मुळीच बसत नाही. शिवाय जेव्हीसीने आपली पद्धत मात्सुशिता, हिताची, शार्प अशा पुष्कळांना वापरू दिली, त्यामुळे यंत्रं स्वस्त झाली आणि जिकडेतिकडे दिसू लागली. माझा बेटा आला तोवर तीन तासांच्या बेटा कॅसेटही निघाल्या होत्या, पण आमच्या गल्लीतल्या लायब्ररीवाल्याचा निर्णय झालेला होता. व्हीएचएसला तीन भिंती आणि बेटाला कोपऱ्यातलं एक फळकूट. त्या फळकुटावरचे सगळे सिनेमे मी दोन महिन्यांत पाहून संपवले, त्यातले काही दोनदा. मग त्या यंत्रावर आईने कृष्णाची मूर्ती ठेवली.

चांगलं यंत्र जिंकतं असं आपल्या लेखात म्हटलं आहे. जिंकतं ते शेजाऱ्याकडे असतं तेच यंत्र, कारण कॅसेट त्याच्याकडूनच आणायची असते. सोनीने 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बेटामॅक्सचा खटला पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी टेप करण्यात काही गैर नाही, असं न्यायालयाने ठरवलं. आणि चार वर्षांत सोनी स्वतःच व्हीएचएसची यंत्रं बनवू लागली. याच्यापुढची गंमत कोणी सांगत नाही. हरलेल्या बेटाच्या कोऱ्या कॅसेट सोनीने मार्च 2016 मध्ये बंद केल्या, आणि जिंकलेल्या व्हीएचएसची यंत्रं बनवणं जपानच्या फुनाईने त्याच वर्षी जुलैअखेर थांबवलं. हरणारा आणि जिंकणारा यांच्यात शेवटी अंतर उरलं ते चार महिन्यांचं.

हे सगळं दुसऱ्यांच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. माझा स्वतःचा गुन्हा डीव्हीडीच्या वेळचा आहे.

2004 च्या सुमाराला आम्ही सगळे शूटिंगवाले डीव्हीडीवर गेलो. तेव्हा कोऱ्या डीव्हीडीही दोन जातींच्या होत्या, नावात उण्याची खूण असलेली आणि अधिकची खूण असलेली. कंपन्यांचे दोन तट, दोघांच्या तबकड्या दिसायला सारख्या, दोघींवर 4.7 जीबी. दुकानदार विचारायचा, ‘माइनस आपुं के प्लस?’ जी स्वस्त ती मी घ्यायचो. एका लग्नाची अधिकवाली तबकडी विहीणबाई सांगलीला घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी फोन, ‘अहो, तुम्ही रिकामी सीडी दिलीत. पाहुणे बसलेत आणि पडद्यावर नो डिस्क येतंय.’ माझ्याकडे तीच व्यवस्थित चालत होती. त्यांच्या प्लेअरला अधिक कळत नव्हतं. दुसरी पाठवली ती उण्याची, पण ती शेवटी बंद करायला, म्हणजे फायनलाइज करायला मी विसरलो, तीही चालली नाही. तिसरी चालली. एका लग्नाला तीन तबकड्या, सांगलीचा कुरियर दोनदा, आणि विहीणबाईंचं बोलणं ते वेगळं.

हे हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही. मिनीडीव्हीची कॅसेट तासाभराची, एका लग्नाला पाच-सहा लागायच्या. डीव्हीडी दिली, पैसे चुकते झाले, की महिन्याभराने मी त्याच कॅसेटवर पुढचं लग्न घ्यायचो. सगळेच घ्यायचे. तबकडी शंभर वर्षं टिकते, असं काही कंपन्यांच्या खोक्यांवर छापलेलं असायचं. तेच मी गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगत होतो.

चार वर्षांपूर्वी एक जोडपं आलं, बरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी. तिला आईबाबांचं लग्न बघायचं होतं. तबकडी माझ्याच हातची, वर माझंच अक्षर. लावली. सीमांतपूजन दिसलं, गौरीहर दिसला. मंगलाष्टकं सुरू झाली, भटजींचा आवाज अडखळायला लागला, चित्राचे चौकोन झाले आणि सगळं थिजलं. अंतरपाट धरलेला, दोन्ही बाजूंना दोघं, आणि तो काही दूर होईना. चार निरनिराळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिलं, तबकडी धुऊन पाहिलं, तेवढ्यावरच अडते. वरच्या कप्प्यात मूळ कॅसेटचा नंबर सापडला. तो लावला, तर त्यावर कुणाची तरी मुंज होती. बटू भिक्षावळीला रडतोय. मुलीने विचारलं, ‘हा कोण?’ मी काय सांगणार? त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत, पण ते काही उत्तर नव्हे.

पुढे ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या तबकड्यांच्या दोन नव्या जातींची मारामारी झाली तेव्हा मी लांबच राहिलो. फेब्रुवारी 2008 मध्ये एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबाने हात टेकले. तिचे प्लेअर ज्यांनी हौसेने घेतले त्यांचं काय झालं हे सांगायला मी नको, माझा बेटा पुरे आहे.

लेखक म्हणतील, ही जुनी रड आहे, आता सगळं फोनमध्ये असतं. बरं. माझ्या त्या 2009 च्या संगणकाला मी का जपतो? मिनीडीव्हीच्या कॅमेऱ्यातून चित्र जसंच्या तसं काढायला फायरवायर नावाची तार लागते आणि तिचं भोक आताच्या लॅपटॉपला नसतं. कॅसेट आहे, कॅमेरा आहे, तारही आहे, भोक नाही. हेच दुसऱ्या रूपात फोनच्या बाबतीत चाललेलं मी रोज बघतो. भाचा आयफोनवरून फोटो आणतो ते एचईआयसी नावाच्या फाइलमध्ये, माझा संगणक तोंड फिरवतो. घरातल्या तीन हातघड्याळांच्या तीन चार्जिंगच्या चकत्या आहेत, एकीचं दुसरीला चालत नाही. जावयाने हौसेने फोटोची डिजिटल फ्रेम आणली होती. फोटो टाकायचे ते कंपनीच्या ॲपमधूनच. कंपनीने सेवा आवरती घेतली आणि आता ती फ्रेम भिंतीवर काळी पाटी होऊन लटकते. नातीच्या बारशाचे फोटो जावयाच्या फोनमध्येही होते म्हणून वाचले.

एका ठिकाणी मात्र फरक पडलेला दिसतो, तो म्हणजे फोनच्या चार्जरचा. युरोपने कायदा केला की 28 डिसेंबर 2024 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला टाइप-सीच हवं. ॲपलने 2012 पासून चालवलेलं लाइटनिंग नावाचं आपलं वेगळं भोक सोडून 2023 च्या आयफोन 15 पासूनच टाइप-सी घेतलं. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सीचं मानक काढलेलं आहे. दोन कंपन्या भांडत राहिल्या असत्या तर आपल्या खणात अजून दहा वर्षं तारांचा गुंता वाढला असता. तिसरा कोणी मध्ये पडला म्हणून हे झालं.

तेव्हा मागणी अशी. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या यंत्राची ओळख येते, पडदा किती इंची, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास. त्याच्या खाली एक लहानशी चौकट द्या. यात ठेवलेलं दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात कसं न्यायचं. कंपनीने ॲप बंद केलं तर हातात काय उरतं. सुटा भाग बडोदे, इंदूर, सोलापूर अशा गावात मिळतो का, की पुण्या-मुंबईलाच पाठवावं लागतं. कंपनी उत्तर देत नसेल तर ‘उत्तर दिलं नाही’ एवढं छापा, दुकानात जायच्या आधी आम्हाला तेवढंही पुरेल. डॉल्बी का टेन प्लस, हे वाचक दुकानात डोळ्यांनी बघून ठरवतील.

आणि एक स्वार्थ. माझ्या तीनपैकी दोन व्हीसीआरचे रोलर गेले आहेत, तिसरा कण्हतो आहे. मरीमातेच्या खांच्यात, म्हणजे इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात व्हीसीआरचा रोलर मागितला तर काउंटरवरची मुलं एकमेकांकडे बघतात. कोणाच्या माळ्यावर बंद पडलेला व्हीसीआर असेल तर कृपया भंगारवाल्याला देऊ नये. गिअर, हेड, जे निघेल ते मला हवं आहे. माझा पत्ता आपल्या कचेरीत दिलेला आहे. यंत्र आणून देणाऱ्याची एक कॅसेट फुकट उतरवून देईन, बुरशी असली तरी.

आपला,
एक निवृत्त व्हिडिओवाला
दांडिया बाजार, बडोदे