साखरेचा आकडा लिहिला, आजींचं म्हणणं राहून गेलं

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात 11 वर्षं वॉर्डात परिचारिका होते आणि त्यानंतर आजवर नर्सिंगच्या मुलींना शिकवते आहे. आपण याच जिल्ह्याचे. नर्सिंगचं शिक्षणही आपल्याच खात्याकडे आहे आणि आमचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयही, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

शहराला लागून असलेल्या गावातल्या एका आजींपासून सुरुवात करते. सत्तरीच्या घरातल्या, पंधरा वर्षांची शुगर, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी काही केल्या दहाच्या खाली येईना. केसपेपरवर दरवेळी एकच शेरा पडायचा: औषध नियमित घेत नाहीत.

माझ्या एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी अशाच रुग्णांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. पंधरा जणांशी सविस्तर बोलायचं, त्यांचं बोलणं शब्दन्‌शब्द उतरवायचं आणि त्यातून अर्थ शोधायचा. मंजुरीच्या बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "सँपल फक्त पंधरा? यातून सिद्ध काय होणार?" ती गप्प बसली. मग तिनं नेहमीचा विषय घेतला. नर्सिंगमधल्या कुणालाही हा साचा पाठ आहे: अमुक आजाराविषयीच्या ज्ञानावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रामची परिणामकारकता. आधी प्रश्नावली, मग तक्ते दाखवून शिकवणं, आठवड्यानं पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढतातच. या आजींनाही दुसऱ्या खेपेला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळाले. सुई जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, हे त्यांनी न चुकता सांगितलं. साखर मात्र होती तिथंच राहिली.

प्रबंध सादर झाल्यावर ती मुलगी एका संध्याकाळी आजींच्या घरी गेली आणि दीड तास नुसती ऐकत बसली. मुलगा शिरोलीच्या फौंड्रीत सेकंड शिफ्टला, घरी यायला रात्रीचे अकरा-साडेअकरा. तो जेवल्याशिवाय आजी जेवत नाहीत. एकदा नेमानं आठ वाजता सुई घेतली आणि त्या दिवशी मुलाला उशीर झाला. गार घाम सुटला, हातपाय लटलटायला लागले, शेजारणीनं गुळाचा खडा तोंडात घातला म्हणून निभावलं. तेव्हापासून आजी संध्याकाळची सुई निम्मीच घेतात. त्यांचे शब्द असे होते: "साखर चढली तर मी हळूहळू जाईन, पर उतरली तर आत्ताच जाईन की. भ्यालो मी."

कुठल्याही प्रश्नावलीत हे वाक्य आलं नसतं, कारण तो प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. आजींना माहिती कमी नव्हती, निष्काळजीपणाही नव्हता. त्यांनी विचार करून निर्णय घेतला होता आणि केसपेपरवरच्या शेऱ्यानं त्यांना दोषी ठरवलं होतं. पुढे डॉक्टरांनी डोस नव्यानं बांधून दिला. मुलाशीही बोलणं झालं, आणि "आई, तू आठला जेवून घे" हे त्यानंच सांगितल्यावर आजी वेळेवर जेवू लागल्या. तीन महिन्यांनी आकडा साडेआठवर आला.

पंधरा माणसांवरून टक्केवारी काढता येत नाही, हे मलाही मान्य आहे. अशा मुलाखतींतून अर्थ शोधणाऱ्या गुणात्मक संशोधनाचं ते कामच नव्हे. 'किती जण औषध चुकवतात' हे मोजणी सांगेल. 'का चुकवतात' हे त्या माणसाकडूनच कळतं, आणि ते नुसते किस्से गोळा करणं नसतं. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास लागतात. मग ओळ न्‌ ओळ वाचून तिच्यातल्या मुद्द्याला नाव द्यायचं, म्हणजे संकेत लावायचे, दुसऱ्या व्यक्तीनं ते स्वतंत्रपणे तपासायचे, काढलेला अर्थ रुग्णाला परत विचारायचा, आणि नव्या मुलाखतीतून नवं काही निघेनासं झालं की थांबायचं. 1967 मध्ये ग्लेसर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी ग्राउंडेड थिअरी, म्हणजे माणसांच्या बोलण्या-वागण्यातूनच सिद्धांत उभा करायची पद्धत मांडली, ती अमेरिकेतल्या रुग्णालयांत मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या अभ्यासातून. स्ट्रॉस यांच्याबरोबर पुढं ज्युलिएट कॉर्बिन यांनी काम केलं, त्या मूळच्या परिचारिका. 1985 मध्ये या दोघांनी दाखवून दिलं की जुनाट आजाराच्या माणसाला तीन कामं एकाच वेळी करावी लागतात: आजाराचं काम, रोजच्या संसाराचं काम, आणि मोडलेलं आयुष्य पुन्हा जुळवायचं काम. आपल्या केसपेपरवर यातल्या पहिल्याच कामाला जागा आहे.

डायलिसिसचंच बघा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तो मोफत होतो, आणि हे फार मोठं काम झालं आहे. कागदावर एका खेपेला चार तास लागतात. पण शाहूवाडीच्या वाडीवरचा माणूस पहाटेची एस.टी. धरतो, मशीनवरून उतरल्यावर गळून जाऊन स्टँडवर बसतो आणि दिवेलागणीला घरी पोचतो. आठवड्यातून तीनदा. कोण त्याला रोजगारावर घेणार? पुढच्या वर्षी दुसऱ्या एका विद्यार्थिनीला परवानगी मिळाली आणि तिनं डायलिसिसच्या 14 रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. बहुतेकांनी मशीनपेक्षा पाण्याबद्दलच जास्त सांगितलं. दिवसाचं मोजून दिलेलं लिटरभर पाणी, ते कुणाच्या देखत प्यायचं, पाहुण्यांकडं गेल्यावर चहाला नको कसं म्हणायचं. एकानं भर उन्हाळ्यात घरातल्यांना माठ आतल्या खोलीत न्यायला लावला होता, नजरेला पडू नये म्हणून.

त्याच अभ्यासात भाषेची अडचण आली, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. प्रबंध इंग्रजीत लिहायचा असतो. आमचे रुग्ण सांगतात ते असं: तळपाय भगभगतात, मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, अंगात कसनुसं होतं, हातपाय गळून जातात. इंग्रजीत नेताना यातल्या निम्म्याअधिक तक्रारींचा 'वीकनेस' झाला. भगभगणं वेगळं, बधिर होणं वेगळं. मधुमेहात पायाची नस कुठवर बिघडली याचा अंदाज त्यावरून येतो. आमच्या आजी 'भ्यालो' म्हणाल्या. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल असंच, पुरुषासारखं बोलतात, आणि एवढ्या एका शब्दात त्यांचा सगळा मानीपणा आहे. तो आम्ही कुठं नोंदवायचा?

साहेब, 30 वर्षांपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी करायची मोहीम चालू आहे, ती चालावीच. पण निदान झाल्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं माणूस घरी कशी काढतो, याची नोंद कुठंच होत नाही. ती नोंद परिचारिका करू शकते. पहाटे तीनला पाणी मागणारा रुग्ण तिच्याशीच बोलतो.

त्यासाठी माझं मागणं असं आहे. नर्सिंगच्या प्रबंधांत गुणात्मक पद्धतीला मोजणीच्या बरोबरीनं वागवलं जावं, आणि तपासणाऱ्यांत ती पद्धत जाणणारा एक तरी जण असावा, याबद्दल आपण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी बोलावं. मुलाखतींचा मूळ मराठी मजकूर प्रबंधाला जोडणं आवश्यक करावं. सीपीआरमध्ये सुरुवातीला दोनच परिचारिकांना आठवड्यातली एक ड्युटी या कामासाठी द्यावी. दोघींचा एक-एक दिवस, एवढाच खर्च आहे. वॉर्डात माणसं कमी असताना हे मागणं सोपं नाही, हे मी स्वतः ड्युट्या लावलेल्या असल्यामुळं जाणते, तरीही मागते. आणि यातून जे निघेल ते कपाटात न ठेवता जिल्ह्याच्या आढावा बैठकीत वाचलं जावं. डायलिसिसच्या पाळ्या लावताना एस.टी.चं वेळापत्रक समोर ठेवा, एवढं जरी त्यातून झालं तरी शाहूवाडीच्या त्या माणसाचा अर्धा दिवस वाचेल.

त्या 14 मुलाखतींचा मराठी मजकूर, रुग्णांच्या संमतीनं आणि नाव-गाव काढून, माझ्याकडे आहे. कोल्हापुरात असताना आपण तासभर दिलात तर मी तो घेऊन येईन. त्या दोन्ही मुलींनाही बरोबर आणेन.

आपली,
कोल्हापुरातील एक परिचारिका