‘सर्व्हर डाऊन’ म्हणायच्या आधी अडकलेलं सेशन शोधा

संपादक महोदय,

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकून काटोल-उमरेडहून दाखल्यासाठी आलेली माणसं खिडकीवरून परत जाऊन राहिली आहेत, एका दिवसाची मजुरी बुडते त्यांची, म्हणून हे पत्र. मी इथल्याच आयटी पार्कात डेटाबेस सांभाळतो आणि माझा अनुभव असा की बऱ्याचदा सर्व्हर चालूच असतो, फक्त एखाद्या सेशनमुळे, म्हणजे कोणाच्या तरी डेटाबेसशी उघड्या राहिलेल्या जोडणीमुळे, अडकलेला असतो.

होतं काय, अर्ज स्क्रीनवर उघडला की प्रोग्राम ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण होणारं नाहीतर पूर्ण रद्द होणारं काम) सुरू करून त्या नोंदीवर लॉक लावतो, म्हणजे दुसऱ्याला ती बदलता येत नाही, आणि ऑपरेटर जेवायला उठला तरी ते तसंच उघडं, ना कमिट (बदल पक्के करणं) ना रोलबॅक (बदल रद्द करणं). मग तीच नोंद बदलायला आलेले बाकीचे थांबतात, त्यांची कनेक्शन अडकतात, पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये मुळात मर्यादा १०० कनेक्शनची, ती कोणी वाढवली नसेल आणि भरली की नवीन कोणाला आत घेतच नाही. वरून व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या साफसफाईच्या कामाला, जुन्या मेलेल्या (आता कामाच्या नसलेल्या) ओळी साफ करता येत नाहीत, टेबल फुगत जातं. यात ऑपरेटरचा काही दोष नाही हो, माणूस जेवेल की नाही? असा प्रोग्राम लिहिणाऱ्याचा आहे.

यावरचा उपाय पोस्टग्रेसच्या ९.६ मध्ये, म्हणजे २०१६ लाच आला, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’. ठरवलेल्या वेळेत हालचाल नाही झाली तर सर्व्हर स्वतःच ते सेशन तोडतो, काम रोलबॅक होतं, लॉक सुटतात. पण मुळात त्याची किंमत शून्य, म्हणजे बंद, आणि कितीतरी ठिकाणी ती शून्यच राहून जाते. ट्रान्झॅक्शन नसलेल्या, नुसत्या रिकाम्या सेशनसाठी २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत वेगळं सेटिंग आलं, ते मात्र मध्ये पूलर (थोडीच कनेक्शन अनेकांना वाटून देणारा प्रोग्राम) असेल तर जपून लावावं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तर रिकामं कनेक्शन तोडायची मुळातली वेळ २८,८०० सेकंद आहे, ८ तास, अख्खा ऑफिसचा दिवस!

सगळा सर्व्हर रीस्टार्ट करणं तर सगळ्यात वाईट, त्यात बाकी सगळ्यांचं चालू कामही तुटतं. चालू सेशनची यादी बघून अडवणारं तेवढं एक बंद करता येतं.

माझी मागणी एवढीच की सरकारी सॉफ्टवेअरच्या टेंडरमध्ये हे टाइमआउट लावायची अट लिहा, आणि सेशन तुटलं तर ऑपरेटरला स्क्रीनवर मराठीत ‘वेळ संपली, अर्ज परत उघडा’ असं दिसलं पाहिजे हेही त्यातच लिहा.

– एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर