चिपळूणची ऑर्डर

सोलापूर
२४ जानेवारी, रात्रीचा दीड

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

आज आपल्या लायनीला पाण्याचा दिवस. पाच दिवसांनी येणार, तेही दोनला की तीनला, काही भरवसा नाही. मोटारीपाशी खुर्ची टाकून बसलोय. मोबाइलवर लिहायला घेतलं असतं तर चार ओळींत परत भांडण झालं असतं, म्हणून कारखान्याचं जुनं चलनबुक उलटं करून कोऱ्या बाजूला लिहितोय. अक्षर दिवाणजीचं आहे, लागेल तुला.

भोगीला तू लग्नासाठी हैदराबादची नोकरी सोडून इकडं येते म्हणालीस आणि मी ताटावरून उठलो, ते चुकलं. तुझी आई पहाटेपासून भाजी निवडत होती, बाजरीच्या भाकरीला तीळ लावत होती, आणि मी लोण्याला हात न लावता उठलो. 'मग शिकवलं कशाला' हे तर तोंडातून जायलाच नको होतं. त्यावर तू जे म्हणालीस, 'तुम्ही केलं ते प्रेम आणि मी करते ते काय?', त्याला मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. मग तू सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता न बघता बॅग उचललीस. मी स्टेशनवर सोडायला यायला पाहिजे होतं. तुझी आजी, अम्मम्मा, गुडघा धरून जिना उतरली आणि मी नाही उतरलो.

एक आधीच सांगून टाकतो. मुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुझ्या वर्गात होता तेव्हापासून बघतोय. दहावीच्या निकालाला तुझ्या आधी तुझे मार्क त्यानं मला सांगितले होते, तेव्हाच मला समजायचं ते समजलं. तेरा वर्षं झाली. निर्व्यसनी आहे, वडिलांचे सोळा माग एकटा सांभाळतो, कामगारांशी तोंड वाकडं करून बोलत नाही. जात, भाषा यातलं तर मी बोलायलाच नको, आपल्या घरात अर्धा स्वयंपाक तेलुगूत होतो. लग्न खुशाल करा. पण नोकरी सोडू नकोस. एवढंच सांगायचं होतं. सांगून झालं. आता त्यावर परत लिहिणार नाही.

तुला वाटतं पप्पा स्वतःचं विसरले. विसरेन कसा? १९८६ च्या मार्चला आम्ही दहावीला बसलो. तुझी आई मुलींच्या रांगेत दुसऱ्या बाकावर, मी मागं खिडकीशी. ती घरी तेलुगू बोलायची, पण शाळेत तिचा 'ळ' आमच्यापेक्षा स्वच्छ. ती फर्स्ट क्लासात पास झाली आणि मी गणितात अठ्ठावीस घेऊन घरी बसलो. ऑक्टोबरला परत बसायचं म्हणून तिनं तिच्या वह्या पाठवल्या, तुझ्या मामाच्या हातानं, सायकलवरून. मामानं वहीमागं एक कुल्फी घेतली. सात वह्या होत्या. आता तो जावयाला प्रामाणिकपणावर भाषण देतो तेव्हा मला त्या कुल्फ्या दिसतात.

शाळेतल्या ओळखीचं हे एक बरं असतं. मला आजवर तिच्यासमोर शहाणा माणूस होता आलं नाही. कारखान्यात बारा माणसं माझं ऐकतात, घरी आलो की अठ्ठावीस मार्क. तिनं मला शर्टाचं बटण तुटलेलं, पाठीवर छडी खाल्लेली, एकदा तर पँट फाटलेली असं सगळं बघून ठेवलंय. नंतर भेटलेल्या बाईसमोर माणूस जरा नीट उभा राहतो. आमच्यात ती सोयच नव्हती. भांडण झालं तरी दोघांनाही माहीत की समोरचा कुठल्या गल्लीतून आलाय आणि त्याच्या घरी महिनाअखेरीला काय शिजायचं.

१९९२ ला रजिस्टर लग्न केलं. अर्ज दिला की कचेरीतल्या बोर्डावर तीस दिवस नोटीस लावतात, कुणाला हरकत असेल तर घेता यावी म्हणून. मी रोज सायकल काढून जायचो, कोण वाचतंय बघायला. एक दिवस कुणीतरी आमच्या नावांवर पंखे दुरुस्तीची जाहिरात डकवली होती. मी ती काढली नाही. तीन साक्षीदार लागतात. दोन मित्र मिळाले, तिसरा ऐनवेळी घाबरला. मग गणिताच्या सरांकडं गेलो. ज्यांच्या विषयात नापास झालो त्यांनीच सही केली, आणि वर म्हणाले, 'हा तरी हिशोब नीट कर.'

तो मी नीट केला की नाही, त्याचंच हे पत्र आहे.

नोटीस लागल्यावर अकराव्या दिवशी तुझ्या आईची ऑर्डर आली. बँकेच्या परीक्षेला बसली होती, पास झाली होती, नेमणूक चिपळूणला. किल्ल्याच्या बागेत तिनं पाकीट माझ्या हातात दिलं. मी वाचलं. 'चांगलं आहे की,' म्हणालो आणि घडी घालून परत दिलं. मग आम्ही शेंगा खाल्ल्या. जाऊ नको असं मी म्हणालो नाही, हे मी तेहतीस वर्षं मनाला सांगत आलोय. जा, असंही म्हणालो नाही. तू जा, मी येतो मागनं, चिपळूणला काय दिवाणजी लागत नाहीत? हे वाक्य तेव्हा डोक्यात आलंसुद्धा नाही. आई एकटी, भाऊ लहान, म्हणून मी कुठं हलणार नाही हे जणू आकाशातून ठरून आलं होतं. आठवड्यानं ती म्हणाली, 'नाही जात मी.' मी सुटकेचा श्वास सोडला. तो तिनं ऐकला असणार, ती शेजारीच बसली होती.

भोगीला तुझ्या बोलण्यात तेच शब्द होते, चिऊ. 'त्याला हलता येणार नाही ना पप्पा, मग मीच येते.' बाजरीची भाकरी घशात अडकली ती तिथं.

पुढचं तुला तुकड्या-तुकड्यानं माहीत आहे. १९९३ चा भूकंप झाला तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत होतो. ३० सप्टेंबर, पहाटेचे चारही वाजले नव्हते. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. मांडणीवरची भांडी अंगावर आली. अख्खं सोलापूर रस्त्यावर. किल्लारीत काय झालंय ते नंतर कळलं. त्या अंधारात साखर पेठेतून तातय्या, माझे सासरे, सायकलवर आले, लुंगीवर. लग्नापासून एक शब्द बोलले नव्हते. रस्त्याच्या पलीकडं एक पाय टेकवून उभे राहिले. तुझी आई दिसली, मी दिसलो. सायकल वळवली आणि गेले. पुढच्या नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथापुढं त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाले, 'तुझ्या सायकलीला ब्रेक नाहीत.' बस. जावई म्हणून घेतलं.

मग माझा कारखाना बंद पडला. तू पोटात होतीस. तुझी आई शिलाई मशिनवर टॉवेलच्या कडा मारायची, डझनावर मजुरी. रात्री अकरापर्यंत. सकाळी तिच्या केसांत सुताची पांढरी धूळ असायची आणि मी म्हणायचो, 'म्हातारी झालीस.' ती हसायची. त्या दिवसांत मला चिपळूण आठवायचं. तिला आठवायचं का, विचारलं नाही. बँकेत आता तिच्या वयाच्या बायका रिटायरमेंटला टेकल्या असतील.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बॅचचा मेळावा झाला त्यात आमचा सत्कार केला. 'शाळेतलं प्रेम, बघा कसं टिकलं!' शाल मला दिली, तुझ्या आईला नारळ. फोटोत मी छाती काढून उभा आहे. आमच्या बॅचमध्ये अशा तीन जोड्या आहेत. एक नवरा-बायको एकाच दुकानात बसतात, दिवसभर गिऱ्हाइकासमोर भांडतात आणि रात्री पार्क चौकात एका प्लेटमध्ये पावभाजी खातात. त्यांचं मला काही कळत नाही. दुसरी ती पुण्याची नर्स. नवरा इथं शिक्षक, ती तिकडं दवाखान्यात. चौदा वर्षं शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येणं आणि सोमवारी जाणं. गल्लीतले म्हणायचे, हे काय लग्न आहे का? पोरं आजीनं आणि बापानं वाढवली. तो बाप डबे भरायला शिकला, वेणी घालायला शिकला. मेळाव्यात ती दोघं कोपऱ्यात एकमेकांना काहीतरी सांगत होती, जेवणाची पंगत उठली तरी. त्यांना कुणी शाल दिली नाही. हैदराबाद लांब आहे म्हणतेस. तीनशे किलोमीटर. पुण्याहून थोडं जास्त. हुसेनसागर एक्स्प्रेस आहे.

बघ, परत तिथंच आलो. लिहिणार नाही म्हणालो होतो. म्हातारा बाप म्हणून सोडून दे. तू अठ्ठावीस वर्षांची आहेस, लसीच्या कंपनीत क्वालिटी बघतेस, तुला मी काय शिकवणार? तुझं कार्ड माझ्या पाकिटात असतं. सेठना दोनदा दाखवलं, दुसऱ्यांदा ते म्हणाले, 'दिवाणजी, बघितलंय.' चिंचोळी एमआयडीसीत काहीतरी मिळेल म्हणतेस. मिळेल. काहीतरी सगळ्यांनाच मिळतं, टॉवेलच्या कडासुद्धा मिळतात. हे तिरकस झालं. खोडत नाही, चलनबुकात खाडाखोड चालत नाही.

तुला एक आठवतं का? सहा-सात वर्षांची असशील. संमती कट्ट्यापाशी माझ्या खांद्यावर बसली होतीस. बाराबंदी घातलेले मानकरी, नंदीध्वज, सगळं बघत होतीस आणि मी तुला कुंभारकन्येची गोष्ट सांगत होतो. तिला सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला सांगितलं. तू मोठ्यानं विचारलंस, 'पण देव स्वतः का नाही आला?' पुढची चार माणसं वळून हसली. मी तुला भेंडबत्तासे घेऊन दिले आणि विषय मिटवला. यंदा 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' सुरू झालं, लाखभर हात वर गेले. माझा नाही गेला. घरी आल्यावर शर्टाच्या खिशात अक्षता सापडल्या. देवाचं देव जाणे, त्यात मला काही म्हणायचं नाही. मला माझंच आठवलं.

तू त्याला विचारलंयस का गं, की तू येतोस का? मला माहीत आहे तो येऊ शकत नाही. वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली, मागावरची पंधरा-वीस घरं. नाहीच येणार. पण विचारलंस का? आणि त्यानं तुझ्या नोकरीबद्दल विचारलं का, की 'बरं झालं' म्हणून मोकळा झाला? बरं झालं म्हणाला असेल तर वाईट मुलगा आहे असं नाही. मीही वाईट नव्हतो. तेवीस वर्षांचा होतो.

आमचं बरं चाललं नाही असं मात्र समजू नकोस. रात्री पाण्याला तेहतीस वर्षं मीच उठतो, ती एकदाही उठलेली नाही, हे कुठंतरी लिहून ठेव. तिला दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला तेव्हा मी नऊ दिवस दवाखान्याच्या बाकावर होतो आणि तिला उठता येईना तरी ती मला सांगत होती की गॅसचा नंबर लावा. तिच्याशिवाय मला घरात काय कुठं ठेवलंय ते माहीत नाही. तुला असाच माणूस मिळो असं वाटतं आणि लगेच वाटतं, असाच नको, थोडा बरा.

नळात फुस्स आवाज आला. आधी हवा, मग गढूळ, मग पाणी. मोटार लावायला उठतो. शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचं पार्सल सोमवारी निघेल, त्यातच हे घालतो. चटणी फ्रिजमध्ये ठेवू नकोस, वास जातो.

तुझा
पप्पा

ता.क. : सकाळी चलनबुक टेबलावर राहिलं आणि तुझ्या आईनं सगळं वाचलं. मी आंघोळीहून आलो तर चष्मा काढून पुसत होती. म्हणाली, 'चिपळूण नव्हतं, खेड होतं. आणि अकराव्या नाही, चौथ्या दिवशी आलेली ऑर्डर. आठवडाभर माझ्याच पर्समध्ये होती.' एवढं बोलून दळण घेऊन गेली. डबा मोठा होता, मी खालपर्यंत नेऊन दिला.